वणी-सापुतारा आणि आपल्या भागातले घाटरस्ते: घरच्यांना घेऊन निघण्याआधी माहीत असायलाच हव्यात अशा गोष्टी

पिंपळगाव बसवंतहून बासी ईदला, दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत गाडी काढायची म्हटली की पहिलं नाव निघतं ते सापुताऱ्याचं. सुरत-नवसारीकडे ज्यांची सोयरीक आहे, त्यांचा तर हा नेहमीचाच रस्ता. मालेगावला जायचं तर चांदवडच्या पुढचा राहुड घाट, मुंबईला जायचं तर कसारा, भंडारदऱ्याला जायचं तर घोटीच्या पुढची वळणं. सप्तशृंगी गडाच्या घाटात भाविकांच्या गाड्या, जीप आणि टेम्पो चालवणाऱ्यांत आपल्या समाजातले ड्रायव्हर भाऊही आहेत. थोडक्यात, घाट आपल्याला चुकलेला नाही.

७ डिसेंबर २०२५ च्या रविवारी दुपारी सप्तशृंगी गडाच्या घाटात, भवरी धबधब्याजवळ, एक कार खोल दरीत कोसळली आणि सहा जणांचा जीव गेला. ते सगळे आपल्या पिंपळगावचेच होते. त्या दिवशी गावावर जी शोककळा पसरली, तिला धर्म नव्हता. त्यानंतर अनेक वाचकांशी बोलताना एक गोष्ट आमच्या लक्षात आली. गाडी चालवता येते पुष्कळांना, पण घाट चालवायला कोणी शिकवलेलं नसतं. लायसन्सची परीक्षा सपाट मैदानावर होते आणि पहिला घाट आपण बायका-मुलांना मागे बसवूनच चढतो. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत. जपून ठेवा आणि घरात जो गाडी चालवतो त्याला वाचायला द्या.

रस्ता कसा आहे

पिंपळगावहून वणी साधारण पंचवीस-तीस किलोमीटर. द्राक्षबागांमधून जाणारा हा टप्पा सपाट आहे. इथे घाटाची भीती नाही, पण ट्रॅक्टर, बैलगाड्या, कांदा-टोमॅटोचे पिकअप आणि अचानक रस्त्यावर येणाऱ्या दुचाकी यांची काळजी घ्यावी लागते. वणीतून दोन वाटा फुटतात. एक नांदुरीकडे जाते. तिथून सप्तशृंगी गडावर चढणारा सुमारे दहा किलोमीटरचा घाट सुरू होतो. दुसरी सुरगाणा तालुक्यातल्या बोरगावकडे आणि हातगड किल्ल्याच्या पायथ्याने सापुताऱ्याला जाते. पिंपळगाव ते सापुतारा हे अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास भरतं.

सापुतारा हे गुजरातच्या डांग जिल्ह्यातलं थंड हवेचं ठिकाण, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास उंच. आपल्या बाजूने चढ तुलनेने सौम्य आहे. खरा अवघड भाग सापुतारा ओलांडल्यावर, शामगव्हाण आणि वघईकडे उतरताना लागतो. तिथे उतार लांब आहे, वळणं एकामागून एक येतात आणि सुरतच्या दिशेने जाणारे मालट्रक सोबतीला असतात. बरेच जण सापुताऱ्यापर्यंत आरामात पोहोचतात आणि "आता थोडं पुढे गिरा धबधबा बघून येऊ" म्हणून उतरायला लागतात. तोवर दिवसभराचा थकवा आलेला असतो, आणि तेव्हाच खरा घाट समोर येतो.

अपघातांनी काय शिकवलं

जानेवारी २००८ मध्ये सप्तशृंगी गडाच्या घाटात भाविकांची बस दरीत कोसळून ४० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. १२ जुलै २०२३ च्या सकाळी त्याच घाटात गणपती पॉइंटजवळ एसटी बस कोसळली. त्यात एका महिलेचा मृत्यू झाला आणि अनेक प्रवासी जखमी झाले. २ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे सापुतारा घाटात, त्र्यंबकेश्वरहून द्वारकेकडे निघालेल्या यात्रेकरूंची खासगी बस दरीत गेली आणि किमान पाच जण मृत्युमुखी पडले.

प्रत्येक अपघाताचं कारण वेगळं असतं आणि ते ठरवणं हे तपास यंत्रणेचं काम. पण घाटात एक गोष्ट सगळीकडे सारखी असते. सपाट रस्त्यावर चूक झाली तर गाडी शेतात उतरते किंवा दुभाजकाला घासते. घाटात त्याच चुकीला माफी नसते. रस्त्याच्या कडेचा कठडा बघून आपल्याला धीर येतो, पण वेगात आलेल्या भरल्या गाडीला तो अडवेलच असं धरून चालू नका. आपल्या हातात असतात त्या तीनच गोष्टी: वेग, गिअर आणि निघण्याची वेळ.

निघण्याआधी: गाडीची तपासणी

आदल्या दिवशी गॅरेजवाल्या भावाकडे गाडी नेऊन पुढील गोष्टी बघून घ्या.

ब्रेक: लायनर आणि पॅड किती शिल्लक आहेत ते पाहा. ब्रेक ऑइल कधी बदललं हे आठवत नसेल तर बदलून टाका. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. जुनं, ओल धरलेलं ऑइल लांब उतारावर तापून उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. ब्रेक "फेल" झाल्याचं आपण ऐकतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

टायर: नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते, पण पावसाळी घाटासाठी ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर बदललेलाच बरा. हवा गाडीच्या दारावर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. स्टेपनीतली हवाही बघा. जॅक आणि पाना गाडीतच आहेत ना, की मागच्या वेळी कोणाला दिले, हेही तपासा.

कूलंट, वायपर, लाइट: चढावर इंजिन तापतं, तेव्हा कूलंटची पातळी पूर्ण हवी. वायपरचे रबर कडक झाले असतील तर बदला. दोन्ही हेडलाइट, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर लागतात ना, हे कोणाला तरी मागे उभं करून बघा.

इंधन: वणी सोडण्यापूर्वीच टाकी भरा. सीएनजी गाडी असेल तर पेट्रोलही पुरेसं ठेवा, कारण घाटात सीएनजी शोधत फिरायची वेळ यायला नको. सीएनजीवर इंजिनाची ताकद थोडी कमी पडते. गाडी भरलेली असेल तर तीव्र चढावर पेट्रोलवर घेणं सोयीचं.

माणसं किती बसवायची

हा विषय आपल्याला जरा बोचेल, पण बोलायलाच हवा. ईदची सहल निघाली की सात सीटच्या गाडीत दहा जण, वर कॅरिअरला सामान, पुढच्या सीटवर मांडीत मूल, हे चित्र आपल्याला नवीन नाही. "आपलीच माणसं, जुळवून घेतील" असं आपण म्हणतो. माणसं जुळवून घेतात, ब्रेक घेत नाही.

हिशोब करून बघा. दीड टनाची गाडी ३०० मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा बाहेर पडते, ती पूर्ण ब्रेकने जिरवायची ठरवली तर सुमारे १३ लिटर गार पाणी उकळेल एवढी उष्णता तयार होते. चार चाकांतल्या छोट्या पॅडना ती सोसायची असते. वजन वाढलं की उष्णताही त्याच प्रमाणात वाढते. छतावर सामान चढवलं तर वळणावर गाडी जास्त कलते, ते वेगळंच.

लग्नाचं वऱ्हाड किंवा उरुसाला जाणारी मंडळी पिकअप, छोटा हत्ती अशा मालवाहू गाडीत बसवणं तर कटाक्षाने टाळा. मागे बसलेल्यांना ना सीट, ना पट्टा. आणि अल्लाह न करो, काही झालं, तर मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशांना विम्याची भरपाई मिळवताना घरच्यांच्या नाकी नऊ येतात. चार पैसे जास्त लागले तरी प्रवासी परवान्याची गाडी करा. सापुताऱ्याला भाड्याची गाडी नेत असाल तर गुजरातमध्ये जायचा परवाना आणि कर यांचं काय, हे गाडीवाल्याला आधीच विचारा.

सीटबेल्ट मागच्या सीटवरही लावायचा. दरीत किंवा वळणावर गाडी उलटली की पट्टा न लावलेला माणूस आधी बाहेर फेकला जातो. अम्मी, दादी यांना पट्टा आवळल्यासारखा वाटतो, बुरख्यावरून नीट बसत नाही अशी तक्रार असते. पट्टा कमरेच्या हाडावरून आणि खांद्यावरून जायला हवा, पोटावरून किंवा मानेवरून नव्हे. कपडा सरळ करून पट्टा त्यावरून सपाट लावला की त्रास होत नाही. लहान मुलाला मांडीत घेऊन पुढे बसू नका. धक्का बसला की आईचे हात त्याला धरू शकत नाहीत.

चढताना

चढाच्या आधीच गिअर खाली घ्या. गाडी दम तोडायला लागल्यावर, वळणाच्या मधोमध गिअर बदलायला गेलात तर गाडी मागे सरकते आणि मागचा घाबरतो. चढावर थांबून पुन्हा निघायचं असेल तर हँडब्रेक ओढा, क्लच अर्धा सोडून गाडीने जोर धरला की मगच हँडब्रेक सोडा. पुढच्या ट्रकपासून दोन गाड्यांचं अंतर ठेवा, कारण भरलेला ट्रक गिअर बदलताना मागे येऊ शकतो.

इंजिनाचा काटा लालकडे जाऊ लागला तर एसी बंद करा आणि जागा बघून गाडी बाजूला घ्या. तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं. अर्धा तास थांबा.

चढ-उताराला रस्ता अरुंद असेल आणि दोन गाड्या सहज निघत नसतील तर कायद्यानुसार उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची असते. हे नुसतं सौजन्य नाही, नियम आहे. चढणारी गाडी थांबली तर पुन्हा उचलणं अवघड असतं, उतरणाऱ्याला थांबणं सोपं.

उतरताना: सगळ्यात महत्त्वाचं

ज्या गिअरमध्ये घाट चढला, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. जुने ट्रक ड्रायव्हर हे वाक्य पोरांना पहिल्या दिवशी सांगतात. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडीला ओढून धरतं. ब्रेक फक्त वळणाआधी, थोडा आणि ठामपणे मारायचा आणि पूर्ण सोडायचा. सतत पाय ठेवून उतरलात तर ब्रेकला थंड व्हायला वेळच मिळत नाही.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरणं हा जिवाशी खेळ आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आधार जातो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. इंजिन बंद केलं तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो, स्टिअरिंग जड होतं आणि चावी फिरली तर लॉकही होऊ शकतं. शिवाय आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन इंधन घेणं जवळजवळ बंदच करतं. म्हणजे न्यूट्रलने वाचत तर काहीच नाही.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर उतारावर डी मध्येच राहू नका. एल, २ किंवा मॅन्युअल मोड वापरा. तो कुठे आहे हे घाटात नाही, घराच्या दारात शिकून घ्या. इलेक्ट्रिक गाडी वर पोहोचताना पूर्ण चार्ज असेल तर तिची उतारावर वीज परत भरण्याची सोय नीट काम करत नाही आणि ओढ कमी लागते, हेही लक्षात असू द्या.

जळका वास आला, पेडल मऊ झालं किंवा नेहमीपेक्षा खोल जाऊ लागलं तर तो इशारा समजा. लगेच गिअर खाली घ्या, सुरक्षित जागा बघून थांबा आणि किमान वीस-तीस मिनिटं ब्रेक थंड होऊ द्या. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेल्या डिस्कला तडा जाऊ शकतो.

ब्रेक खरंच लागेनासा झाला तर घाबरून इंजिन बंद करू नका. पेडल भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, हॉर्न आणि लाइट चालू ठेवा. तरीही गाडी थांबत नसेल तर ती दरीकडे नव्हे, डोंगराच्या बाजूला घासून थांबवा. पत्रा परत बसवता येतो.

वळणावर

वळणाआधी वेग कमी, वळणात स्थिर, वळण संपलं की वाढवायचा. वळणाच्या आत जोरात ब्रेक मारला तर चाकं घसरतात. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते आणि ६० ला जवळजवळ १७ मीटर. वेग दीडपट झाला की थांबायला लागणारं अंतर दुपटीहून जास्त होतं. समोर २० मीटरच रस्ता दिसतो अशा वळणावर ६० चा वेग म्हणजे डोळे मिटून चालवणं.

अंध वळणावर हॉर्न द्या, रात्री अपर-डिपर द्या. आपली लेन सोडून वळण "कापू" नका. पलीकडून येणारी एसटी किंवा ट्रक लांबीमुळे वळण रुंद घेतोच, त्याला जागा लागते. पिवळी अखंड रेघ असेल तिथे ओव्हरटेक नाही. मागे गाड्यांची रांग लागली असेल तर रुंद जागा बघून थांबा आणि त्यांना जाऊ द्या.

धुकं, पाऊस आणि दरड

पावसाळ्यात सापुताऱ्याला मेघमल्हार पर्वासाठी मोठी गर्दी होते आणि नेमकं तेव्हाच धुकं उतरतं. धुक्यात अपर लाइट लावला तर तो धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. डिपर आणि असेल तर फॉग लाइट लावा. चालत्या गाडीला हझार्ड लाइट लावून ठेवू नका, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय हे कळत नाही. काचा आतून धुरकटल्या तर एसी समोरच्या काचेवर सोडा. दहा-पंधरा मीटरच्या पुढचं दिसत नसेल तर पार्किंगच्या जागी थांबून धुकं विरेपर्यंत चहा घ्या.

मुसळधार पावसात घाटात दरडी येतात. रस्त्यावर बारीक खडे, ताजी माती किंवा डोंगरातून अचानक गढूळ पाणी येताना दिसलं तर तिथे थांबू नका. पुढचा रस्ता मोकळा दिसत असेल तरच हळू निघून जा, नाहीतर मागे फिरा. रस्त्यावरून पाणी वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल तर गाडी घालू नका. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी सहल पुढे ढकला.

भंडारदऱ्याजवळ साम्रदची सांधण दरी ही खरी खडकातली घळई. पावसाळ्यात तिच्यात उतरायचा हट्ट कोणीही करू नये, वर पडलेला पाऊस घळईत लोंढा होऊन येतो. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे बघायला रात्री तिकडे जाणाऱ्यांनी शक्यतो मुक्काम करावा. अंधारात, पेंगत्या डोळ्यांनी परतीचा घाट घेऊ नये.

नमाजच्या वेळा आणि प्रवासाचं वेळापत्रक

आपल्याकडे दिवसाला पाच खुणा आहेत. त्यांच्यावरच प्रवास बेतला तर घाट आपोआप सुरक्षित होतो. रात्री दोनला निघून पहाटे पोहोचण्याऐवजी फजर घरी अदा करून निघा. पहाटे तीन ते पाच ही झोप अनावर होण्याची वेळ असते. जुहर सापुताऱ्याला, आणि असरनंतर लगेच परतीला लागा. डिसेंबरमध्ये आपल्याकडे मगरिब सहाच्या सुमारासच होते, तेव्हा अंधार पडायच्या आत घाट मागे पडायला हवा. जूनमध्ये तास-सव्वा तास जास्त मिळतो, पण पावसाचे ढग तो खाऊन टाकतात.

नमाजसाठी गाडी वळणावर किंवा साईडपट्टीवर उभी करू नका. गावात, पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलच्या मोकळ्या जागेत थांबा. वजूसाठी पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणि एक चटई गाडीत ठेवा. अंतराप्रमाणे कसर लागू होते की नाही, जुम्म्याला प्रवासात असलो तर काय, हे आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांना निघण्यापूर्वी विचारून घ्या, म्हणजे वाटेत वाद आणि घाई नको.

रमजानमध्ये दोन धोके असतात. एक, सहरीमुळे अपुरी झालेली झोप. दुसरा, इफ्तारपूर्वी घरी पोहोचायची घाई. खजूर आणि पाणी गाडीतच ठेवा. वेळ झाली तर बाजूला थांबून रोजा सोडा आणि मग सावकाश निघा. दहा मिनिटांनी उशिरा आलेल्या माणसाची घरचे वाट बघतात, रागवत नाहीत.

सफरची दुआ आपण सगळेच पढतो. मुलांनाही पढायला लावा. पण तवक्कुल करायच्या आधी उंट बांधायची शिकवणही आपल्याच पैगंबरांची आहे. आपल्यासाठी ब्रेक, पट्टा आणि वेग म्हणजेच ते बांधणं.

तरुणांसाठी, दुचाकीवाल्यांसाठी

बासी ईदला दुचाकीवर तिघे-तिघे बसून सापुताऱ्याला जाणारी पोरं दरवर्षी दिसतात. दोघांच्याच गाडीवर दोघंच बसा आणि दोघांनीही हेल्मेट घाला. उतारावर फक्त पुढचा ब्रेक दाबला तर ओल्या रस्त्यावर चाक निसटतं. दोन्ही ब्रेक एकत्र, हळुवार वापरा. डिझेल सांडलेली जागा, वाळू आणि पांढऱ्या पट्ट्या पावसात साबणासारख्या होतात. ग्रुपमध्ये शर्यत लावू नका. सर्वांत हळू चालवणारा पुढे ठेवा.

अठरा वर्षांखालच्या मुलाला गाडी दिली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चावी देताना हे लक्षात ठेवा.

सेल्फीसाठी कठड्यावर बसणं, रील काढत चालवणं, धबधब्यासमोर रस्त्यातच गाडी उभी करणं, हे सगळं बंद. फोटो काढायचाच असेल तर पॉइंटच्या पार्किंगमध्ये थांबा आणि मुलांचा हात धरून ठेवा. गाडी उतारावर उभी करताना हँडब्रेक ओढा, गिअर टाका, पुढची चाकं डोंगराकडे वळवा आणि चाकाखाली दगड लावा. निघताना तो दगड रस्त्यातून उचला.

यात्रेच्या दिवसांत

चैत्रोत्सवात आणि नवरात्रात खानदेशातून व इतर भागांतून हजारो भाविक पायी गडाकडे येतात. वणी-नांदुरी रस्ता रात्रीही माणसांनी भरलेला असतो. या काळात गडाच्या घाटात खासगी गाड्यांना बंदी असते आणि नांदुरीहून एसटी सोडतात. सापुताऱ्याला जाणाऱ्यांनीही हे दिवस टाळावेत. जावंच लागलं तर वेग कमी ठेवा आणि चालणाऱ्यांना जागा द्या.

मळमळ आणि उलट्या

घाटात मुलांना उलट्या होतात. निघण्यापूर्वी जड, तेलकट नाश्ता देऊ नका आणि मोबाइल बघू देऊ नका. त्यांना समोरचा रस्ता दिसेल असं बसवा. औषध द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी द्या. ड्रायव्हरने मात्र झोप आणणारी उलटीची गोळी घेऊ नये. मूल रडतंय म्हणून चालवणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही. ते काम शेजारी बसलेल्याचं.

अपघात झाला तर

११२ हा पोलीस आणि सर्व आपत्कालीन मदतीचा क्रमांक, १०८ रुग्णवाहिकेचा, आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३. घाटात काही वळणांवर मोबाइलला रेंज नसते. निघण्याआधी नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा आणि घरी कोणाला तरी सांगून ठेवा: कोणत्या रस्त्याने, किती वाजेपर्यंत. जवळची ठिकाणं सांगताना गावाचं नाव, किलोमीटरचा दगड किंवा पॉइंटचं नाव सांगा. वणी आणि सुरगाण्याला ग्रामीण रुग्णालय आहे, कळवणला उपजिल्हा रुग्णालय, आणि मोठ्या उपचारांसाठी नाशिक.

आधी आपली गाडी सुरक्षित उभी करा, मागे त्रिकोण किंवा झाडाची फांदी ठेवा, मग मदतीला जा. जखमीला ओढून काढू नका. आग लागली असेल किंवा गाडी घसरत असेल तरच हलवा, आणि तेव्हाही मान सरळ धरून. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. ओढणी, रुमाल, काहीही चालेल. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

"पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार" म्हणून पुष्कळ जण गाडी पुढे काढतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. त्याला नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस उपचार योजनाही आहे. त्यात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरलेल्या रुग्णालयांत होतात. पहिला तास सर्वांत मोलाचा असतो, म्हणून पैशांची किंवा कागदांची वाट बघू नका.

आपल्या भागातले इतर घाट, थोडक्यात

राहुड घाट: चांदवड ओलांडून मालेगावकडे जाताना. चौपदरी असल्यामुळे लोक वेग कमी करत नाहीत आणि तिथेच चुकतात. उतारावर ब्रेक तापलेले कंटेनर मागे असू शकतात. आरशात बघत राहा आणि अवजड गाडीच्या पुढ्यात अचानक ब्रेक मारू नका.

कसारा घाट: पावसात धुकं आणि अवजड वाहनांची गर्दी. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा खुला झाल्याने बोगद्यातून मुंबईकडे जायचा पर्याय आहे, टोल मात्र लागतो. वयस्कर मंडळी सोबत असतील तर तो रस्ता घेतलेला बरा.

घोटी-भंडारदरा: अरुंद रस्ता, गावातली गुरं आणि शनिवार-रविवारची गर्दी. सकाळी लवकर जा, उजेडात परत या.

निघण्याआधी दारात उभं राहून विचारा

१. ब्रेक, टायर, वायपर, लाइट बघितले का?
२. जितक्या सीट तितकीच माणसं आहेत का, सगळ्यांचे पट्टे लागले का?
३. चालवणारा रात्री नीट झोपला आहे का? दुसरा चालवणारा कोण?
४. टाकी भरली का? पाणी, खजूर, प्रथमोपचार पेटी, टॉर्च घेतला का?
५. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी सोबत आहे का?
६. हवामान बघितलं का?
७. मगरिबच्या आत घाट उतरू, असं वेळापत्रक आहे का?
८. घरी राहणाऱ्याला रस्ता आणि परतायची वेळ सांगितली का?

आठपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तर आधी ते पूर्ण करा, मग निघा. सहल एक तास उशिरा सुरू झाली तरी डोंगर तिथेच असतो.